ठाण्यातली एक वैयक्तिक वेबसाइट आणि मराठीपाशी अडणारी वेबची मानकं

हे प्रकरण माझ्या एका मैत्रिणीचं आहे. ती ठाणे पूर्वेला कोपरीत राहते आणि ऐरोलीच्या एका आयटी पार्कमध्ये फ्रंटएंड डेव्हलपर म्हणून काम करते. तिचे वडील ठाणे खाडीवर पक्षी बघतात आणि वहीत नोंदी ठेवतात: तारीख, भरती की ओहोटी, जागा, पक्षी, संख्या आणि खाली दोन-चार ओळी. खाडीचा मोठा पट्टा २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला; वडिलांच्या वह्या त्याच्या बऱ्याच आधीपासूनच्या आहेत. मैत्रिणीला स्वतःच्या नावाची साधी वेबसाइट हवी होती. तीवर तिचं थोडं तांत्रिक लेखन आणि बाबांच्या नोंदी, सगळं मराठीत. ऑफिसात ती ज्या आकाराची ॲप्लिकेशन्स सांभाळते ते पाहता हे सुट्टीच्या दिवसांत आटपणारं काम होतं. पावसाळ्यात सुरुवात झाली, आणि रोहित (फ्लेमिंगो) पक्षी खाडीत परतायला लागले तरी साइट तयार नव्हती.

मधल्या काळात ती एकदा चिडून म्हणाली, "स्टँडर्ड, स्टँडर्ड म्हणतात, पण कुठल्याच स्टँडर्डला मराठी येत नाही. इंग्रजीत केली असती तर एव्हाना झाली असती." असं बोलणारे मराठी प्रोग्रॅमर मला पुष्कळ भेटले आहेत. त्यातल्या बहुतेकांनी शेवटी साइट इंग्रजीतच केली, आणि मला त्याचं वाईट वाटतं. म्हणून या कामात मी तिच्याबरोबर बसलो आणि प्रत्येक अडचणीचा उगम शोधत गेलो. माझं म्हणणं असं आहे: मानकांत मराठीची सोय बरीच आहे. ती आपल्यापर्यंत पोचण्याआधीच मधले थर, म्हणजे तयार साचे, फॉन्ट, लायब्रऱ्या (तयार कोडचे संच), ती पुसून टाकतात. काही ठिकाणी मात्र मानकच अपुरं आहे, आणि तेही स्पष्ट सांगायला हवं.

कोण ठरवतं

तिची पहिली तक्रार मराठीशी संबंधित नव्हतीच. "नेमकी कुठली आवृत्ती पाळायची?" हा तिचा प्रश्न होता. तो रास्त आहे, कारण इतिहास खरोखरच गुंत्याचा आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९४मध्ये वेबची मानकं ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था स्थापन केली. १९९९च्या अखेरीस वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलची ४.०१ ही आवृत्ती आली. त्यानंतर संस्थेने एक्सएचटीएमएलचा रस्ता धरला: कडक व्याकरण, आणि एक चूक झाली की पान उघडणारच नाही. ब्राउझर बनवणाऱ्यांना ते व्यवहारात अशक्य वाटलं. २००४मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेरामधल्या मंडळींनी डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी नावाचा वेगळा गट काढला. त्या गटाच्या कामातून एचटीएमएल ५ उभं राहिलं, २०१४मध्ये डब्ल्यूथ्रीसीनेही त्याला मान्यता दिली, आणि काही वर्षं दोन्हीकडे दोन मसुदे चालू राहिले. २०१९मध्ये करार होऊन एचटीएमएलचं मानक एकाच ठिकाणी, त्या गटाकडे राहिलं. त्याला आता आवृत्तीचा क्रमांक नाही. ते सतत दुरुस्त होत राहतं.

पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसची गोष्ट वेगळी आहे. ते आजही डब्ल्यूथ्रीसीकडेच आहे, पण तुकड्यातुकड्यांनी पुढे सरकतं. पानाची ओळी-रकान्यांत मांडणी करणाऱ्या ग्रिडसारखा एक तुकडा २०१७च्या मार्चमध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत जवळजवळ एकदमच आला. बाकीचे तुकडे कुठे लवकर, कुठे उशिरा येतात. त्यामुळे "आवृत्ती कुठली" हा प्रश्नच आता लागू पडत नाही. विचारायचं ते इतकंच, की ही एक सोय बाबांच्या जुन्या अँड्रॉइड फोनवर चालते का.

या ठिकाणी मानकाचा एक नियम तिच्या फार उपयोगी पडला. सीएसएसमध्ये ब्राउझरला न कळणारी घोषणा दिसली, तर त्याने ती सोडून पुढे जायचं असतं. मुखपृष्ठावर खाडीचा पूर्ण उंचीचा फोटो होता आणि फोनवर त्याचा तळ कापला जात होता, कारण पडद्याची पूर्ण उंची सांगणारं "शंभर व्हीएच" हे माप फोनची पत्त्याची पट्टी गृहीत धरत नाही. २०२२मध्ये तिन्ही मुख्य ब्राउझरांत नवी मापं आली, त्यांतलं "एसव्हीएच" पट्टी दिसत असतानाची उंची देतं. तिने आधी जुनं माप लिहिलं, खाली नवं. जुना फोन दुसरी ओळ सोडून देतो, नवा फोन पहिली ओळ मागे टाकतो. कोणता ब्राउझर आहे हे ओळखत बसायचं कारण उरलं नाही.

तयार साचा

साइटसाठी तिने एक लोकप्रिय तयार साचा घेतला होता. इंग्रजी मजकुरावर तो देखणा दिसतो. मराठी घातल्यावर शीर्षकांतली शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटली, वरच्या वेलांट्या आणि अनुस्वार छाटले गेले, आणि मजकुरातले आकडे अक्षरांपेक्षा मोठे दिसू लागले. तिचा पहिला निष्कर्ष होता: ब्राउझरला देवनागरी नीट येत नाही.

तपासलं तेव्हा यातलं एकही काम ब्राउझरचं निघालं नाही. शीर्षकांना साच्याने अक्षरांतर वाढवून दिलं होतं. रोमन लिपीत त्याने ऐटबाजपणा येतो, देवनागरीत शिरोरेषेत फटी पडतात. ओळीची उंची इतकी आवळली होती की "र्कीं" सारख्या अक्षराचा माथा वरच्या ओळीत घुसायचा, आणि कार्डाच्या चौकटीबाहेर जाणारं सगळं लपवायचं असं सांगितलेलं असल्यामुळे तो माथा कापलाच जायचा. साच्याचा फॉन्ट फक्त रोमन होता. एका फॉन्टमध्ये अक्षर सापडलं नाही की ब्राउझर पुढच्या फॉन्टकडे वळतो, म्हणून अक्षरं फोनमधल्या कुठल्यातरी देवनागरी फॉन्टची आणि इंग्रजी आकडे, विरामचिन्हं साच्याच्या फॉन्टची, अशी सरमिसळ झाली होती.

तिने अक्षरांतर शून्यावर आणलं, ओळीची उंची मोकळी केली आणि मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त हा खुला फॉन्ट घेतला. त्यात देवनागरी आणि रोमन एकमेकांच्या मापाने काढलेली आहेत. फॉन्टची फाइल तिने स्वतःच्या साइटवरच ठेवली, तीही फक्त दोन जाडींची. बाबा खाडीवर उभे राहून पान उघडतात, तिथे नेटवर्क बेताचंच असतं.

सगळ्यात महत्त्वाचा बदल एका शब्दाचा होता. पानाच्या पहिल्याच टॅगवर भाषा लिहिलेली असते. साच्यात ती इंग्रजी होती. ती मराठी केली. वरवर बघता काही बदलत नाही, पण त्यावर बरंच अवलंबून असतं. मराठीतला ल आणि श हिंदीतल्यापेक्षा वेगळ्या वळणाचे असतात. फॉन्टमध्ये मराठीसाठी ती वळणं वेगळी दिलेली असतील, तर भाषेची खूण पाहूनच ती निवडली जातात. पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही कुठल्या भाषेचा आवाज लावायचा हे याच खुणेवरून ठरवतं. वेबच्या सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वं, म्हणजे डब्ल्यूसीएजी, २००८च्या आवृत्तीपासून ही खूण अगदी प्राथमिक पातळीवर मागतात. मराठी वृत्तपत्रांपासून वैयक्तिक पानांपर्यंत ही एवढी गोष्ट जरी सगळ्यांनी नीट केली तरी मला आनंद होईल. तिला खर्च नाही, वेळ नाही, आणि मानकात ती वर्षानुवर्षं लिहून ठेवलेली आहे.

"किनाऱ्यावर" सापडेना

या प्रकरणाचा गाभा मात्र शोधात आहे. नोंदी वाढल्यावर तिने साइटवर शोधाची चौकट दिली. "किनाऱ्यावर" शोधलं की तिने लॅपटॉपवर टाइप केलेल्या नोंदी यायच्या. बाबांनी फोनवरून टाकलेल्या एकही नाही. बाबांच्या नोंदी किनाऱ्यावरूनच सुरू होतात. पडद्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवले, तर डोळ्यांना फरक शून्य.

कारण असं. मराठीत "दर्या" आणि "दऱ्या" हे वेगळे शब्द आहेत. र्‌ला य जोडला की संगणक रफार देतो, म्हणजे दर्या होतो. आपल्याला हवा असलेला दऱ्यातला आडवा अर्धा र मिळवायला युनिकोडने, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या वर्णांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या मानकाने, दोन वाटा दिल्या आहेत. एक वाट नुक्ता (खाली टिंब) असलेल्या ऱ या स्वतंत्र वर्णाची: ऱ, मग हलन्त, मग य. दुसरी जुन्या आवृत्तीशी सुसंगत राहण्यासाठी ठेवलेली: साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारा, शून्य रुंदीचा एक जोडवर्ण आणि मग य. दिसायला दोन्हींचं फळ एकच असतं, साठवणीत मात्र दोन वेगळ्या माळा. बाबांच्या फोनचा कीबोर्ड एका वाटेने जात होता, हिचा लॅपटॉप दुसऱ्या. जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमधली प्रोग्रॅमिंगची भाषा या माळा वर्णागणिक ताडून बघते, आणि तिच्या दृष्टीने हे दोन परके शब्द आहेत. "वाऱ्यामुळे", "दुसऱ्या", "येणाऱ्या", "बसणाऱ्या": मराठी गद्याची एक ओळही या जोडणीशिवाय फार लांब जात नाही.

तिला युनिकोडचं सामान्यीकरण ठाऊक होतं; जावास्क्रिप्टमध्ये २०१५पासून त्यासाठी तयार फंक्शन आहे. तिने ते लावलं आणि प्रश्न मिटला असं समजली. तो मिटला नव्हता. सामान्यीकरण फक्त मानकाने सममूल्य ठरवलेल्या जोड्या एकत्र करतं. र आणि सुटा नुक्ता मिळून ऱ होतो, ते ते करतं. अर्ध्या रच्या या दोन वाटा त्या यादीत नाहीत. ॲचीही तीच गत. ॲ हा स्वतंत्र वर्ण युनिकोडमध्ये २००८मध्ये, ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधी लोक "अ"वर चंद्र देऊन भागवत होते, काही कीबोर्ड अजूनही तसंच करतात. युनिकोड सांगतं की तसं लिहू नका, पण दोन्हींना सममूल्य मानत नाही. बाबांचा "ॲव्होसेट" हा पक्षी त्यामुळे दोन ठिकाणी विभागला गेला होता.

इथे तिची तक्रार खरी आहे, आणि मी तिच्या बाजूने आहे. सममूल्यतेची यादी एकदा ठरली की बदलायची नाही असं युनिकोडने वचन दिलेलं आहे, आणि जुन्या फाइली शाबूत राहाव्यात म्हणून ते आवश्यकही आहे. पण त्याचा भार मराठी मजकुराचा शोध लिहिणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमरवर पडतो आणि त्याला आधी कुणी सावध करत नाही. शोधाच्या तयार लायब्रऱ्यांपैकी तिने वापरून पाहिलेल्या कुठल्याच लायब्ररीने हे सांभाळलं नाही.

तिचा तोडगा छोटा आहे. प्रत्येक नोंदीसाठी मूळ मजकुराबरोबर शोधापुरती एक वेगळी प्रत तयार होते. त्या प्रतीवर आधी सामान्यीकरण, मग जोडवर्णवाला अर्धा र ऱच्या वाटेवर आणायचा, "अ"वरचा चंद्र ॲमध्ये बदलायचा, आणि उरलेले अदृश्य वर्ण काढून टाकायचे. शोधासाठी टाइप केलेल्या शब्दावरही हीच प्रक्रिया. मूळ मजकुराला हात लावायचा नाही, हा तिचा आग्रह मला मनापासून पटला. अदृश्य वर्ण काही शब्दांत लिहिणाऱ्याने मुद्दाम घातलेले असतात. ते पुसणं म्हणजे त्याचं लेखन बदलणं.

आकडे आणि तारखा

बाबा आकडे मराठीत लिहितात. नोंद भरायच्या पानावर पक्ष्यांच्या संख्येसाठी तिने संख्येची चौकट ठेवली होती. मानकानुसार या चौकटीचं मूल्य इंग्रजी अंकांतच असतं. लॅपटॉपवर "१५०" टाइप केलं की प्रोग्रॅमच्या हाती रिकामं मूल्य पडायचं. गंमत अशी की दाखवण्याच्या बाजूला मराठीची उत्तम सोय आहे. जावास्क्रिप्टला तारीख मराठीत मागितली की ती आपणहून देवनागरी अंक देते. देताना देते, घेताना घेत नाही. तिने साधी मजकुराची चौकट ठेवली, फोनवर आकड्यांचा कीबोर्ड उघडेल अशी सूचना दिली, आणि आत आलेले देवनागरी अंक ओळीने इंग्रजी अंकांत बदलले. युनिकोडमध्ये ० ते ९ सलग आहेत, त्यामुळे ही एका वजाबाकीची बाब आहे.

तारखेची चौकट ब्राउझरच्या भाषेप्रमाणे दिसते, पानाच्या भाषेप्रमाणे नाही. बाबांच्या जुन्या लॅपटॉपचा ब्राउझर अमेरिकन इंग्रजीवर होता, त्यामुळे त्यांना महिना आधी दिसायचा आणि काही नोंदी भलत्याच महिन्यात गेल्या. पानाच्या लेखकाला हे बदलण्याची सोय मानकाने दिलेली नाही. दिवस, महिना, वर्ष अशा तीन वेगळ्या चौकटी करून तिने सुटका करून घेतली. प्रकाशित पानावर मात्र एचटीएमएलचा वेळेचा टॅग वापरला: वाचणाऱ्याला "२ जानेवारी" दिसतं, आणि त्याच टॅगच्या आत यंत्रासाठी वर्ष-महिना-दिवस अशी तारीख असते. माणसाला त्याचं रूप आणि यंत्राला त्याचं, दोन्ही एका जागी. असे टॅग बघितले की हे लिहिणाऱ्यांनी खरोखर विचार केला होता याची खात्री पटते.

आयफोनवरची कुरकुर थोडक्यात सांगतो. ॲपलच्या नियमामुळे, युरोपीय संघासारखे अपवाद सोडले तर, आयफोनवर कुठलाही ब्राउझर घेतला तरी आतलं इंजिन सफारीचं वेबकिटच असतं. चौकटीतली अक्षरं सोळा पिक्सेलांपेक्षा लहान असली की तिथे पान आपोआप मोठं होतं. तिने अक्षरं मोठी केली. वडीलधाऱ्या वाचकांसाठी ती तशीच हवी होती.

पत्त्यांचं काय? नोंदींचे पत्ते तिने आधी मराठीत ठेवले होते. पट्टीत ते छान दिसतात, पण व्हॉट्सॲपवर पाठवताना टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते, कारण यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइटचा आणि प्रत्येक बाइटला पत्त्यात तीन चिन्हं लागतात. "रोहित" एवढ्या शब्दाची पंचेचाळीस चिन्हं. बाबांच्या मित्रांना तो दुवा संशयास्पद वाटायचा, कुणी उघडायचंच नाही. आता पत्ते तारखेचे आहेत.

नौपाड्यातली जुनी फाइल

शेवटी वडिलांचे दोन जुने लेख राहिले होते. स्थानिक अंकासाठी त्यांनी ते बऱ्याच वर्षांपूर्वी नौपाड्यातल्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतले होते. सीडी सापडली, फाइलही उघडली, आणि आत रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक ढीग निघाला.

त्या काळच्या मराठी फॉन्टांची हीच रीत होती. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१मध्ये भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारलं होतं, युनिकोडची देवनागरीही त्याच्याच आधीच्या आवृत्तीवर बेतलेली आहे. पण डीटीपीच्या दुकानांतले फॉन्ट या वाटेने गेले नाहीत. त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसवल्या, आणि प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने बसवल्या. फॉन्ट हाती असेतो मराठी दिसतं. तो गेला की मजकूर गेला. आम्ही रूपांतर करणारी साधनं लावून पाहिली. फॉन्टचं नेमकं नाव माहीत नसल्याने निम्मंच जुळलं, आणि जे जुळलं त्यातही ऱ्हस्व वेलांट्या भलत्या अक्षरांवर बसल्या. जुन्या फॉन्टांत ही वेलांटी दिसते त्या क्रमाने, अक्षराच्या आधी असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, अक्षरानंतर असते. शेवटी छापील अंक शोधून तिने दोन्ही लेख हाताने टाइप केले. एका पानाला वाळवी लागली होती, तेवढा मजकूर बाबांनी आठवून सांगितला.

ती फाइल बघून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अर्ध्या रच्या दोन वाटा असल्या तरी परवडतात. निदान त्या कुठेतरी लिहून ठेवलेल्या आहेत." टिम बर्नर्स-ली यांच्या पहिल्या वेबसाइटची १९९२ची प्रत सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने २०१३मध्ये पुन्हा मूळ पत्त्यावर ठेवली, ती आजच्या ब्राउझरमध्ये उघडते. नौपाड्यातली त्यानंतरची फाइल मात्र उघडूनही वाचता येत नाही. हे दोन पुरावे शेजारी ठेवले की मानकांवर चिडणाऱ्या माणसालाही त्यांच्या कामाचं मोल कळतं.

आत्ताची स्थिती

साइट चालू आहे. तिने रिॲक्ट ही जावास्क्रिप्टची लायब्ररी काढून टाकली. नोंदींची पानं साधं एचटीएमएल आहेत, जावास्क्रिप्ट फक्त शोधासाठी आणि नोंद भरण्यासाठी लागते. बाबा आता स्वतः नोंद टाकतात. शोधासाठीची प्रत बनवणारं फंक्शन तिने वेगळं काढून कुणालाही वापरता येईल असं खुलं ठेवलं आहे. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातून इतरांच्या उपयोगी पडणारी हीच वस्तू आहे.

एक काम सुटलेलं नाही. लेखाच्या सुरुवातीचं पहिलं अक्षर मोठं, तीन ओळींचं करायची तिची इच्छा होती. परिच्छेद जोडाक्षराने सुरू झाला की पहिलं अक्षर कुठे संपतं, यावर आम्ही तपासलेल्या ब्राउझरांचं एकमत नव्हतं, आणि शिरोरेषा पुढच्या अक्षराशी जुळत नव्हती. डब्ल्यूथ्रीसीकडे भारतीय लिप्यांच्या मांडणीच्या गरजा नोंदवणारा एक दस्तऐवज आहे आणि देवनागरीत वेब कुठे कमी पडतो याचाही वेगळा आढावा आहे. दोन्ही उघड्यावर तयार होतात आणि कुणालाही त्यांत भर घालता येते. वेगवेगळे ब्राउझर मानक पाळतात का हे पाहणाऱ्या सामाईक चाचण्यासुद्धा अशाच खुल्या आहेत. "क्षितिज" आणि "त्र्यंबक" हे दोन शब्द घेऊन तिने चाचणीचा मसुदा लिहायला घेतला आहे. ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की तो पुढे सरकतो.